मेसन सिटीचा चकवा: एका छोट्या विमानाची पाच मिनिटं

विमान जमिनीवर आदळतं तेव्हा त्यातल्या उपकरणांचे काटे पुष्कळदा त्या क्षणी जिथे असतील तिथेच रुतून बसतात. ३ फेब्रुवारी १९५९ च्या सकाळी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, बर्फाने झाकलेल्या एका शेतात जे लहान विमान सापडलं, त्याचे काटे असे रुतले होते: वेग ताशी १६५ ते १७० मैल, म्हणजे सुमारे २७० किलोमीटर. खाली येण्याचा वेग मिनिटाला ३,००० फूट. आणि विमानाचा कल दाखवणाऱ्या जायरोवर उजवा पंख थेट जमिनीकडे, ९० अंशांत, नाक खाली. इंजिन नुसतं चालू नव्हतं, चांगली ताकद देत होतं. हवेत काही निखळल्याची किंवा सुकाणू अडकल्याची खूण कुठेही नव्हती.

इंजिन बंद पडलेलं विमान असं पडत नाही. हे विमान कुणीतरी चालवत होतं, आणि आपण जमिनीकडे निघालोय याचा चालवणाऱ्याला पत्ताच नव्हता.

विमानात चौघे होते. तिघांना जग ओळखतं: बडी हॉली, वय २२, रिची व्हॅलेन्स, वय १७, आणि ‘बिग बॉपर’ या नावाने गाणारा जे. पी. रिचर्डसन, वय २८. त्यामुळे ही हकिगत नेहमी रॉक अँड रोलच्या अंगाने सांगितली जाते. नाणं कसं उडवलं, कुणाची जागा कुणी घेतली, कोण थोडक्यात वाचलं. चौथा माणूस रॉजर पीटरसन, वय २१, वैमानिक. त्याचं नाव बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात. हे प्रकरण मात्र त्याचं आहे.

छत्तीस डॉलर

कलाकारांचा दौरा ऐन हिवाळ्यात बसने चालला होता. बसची उष्णतायंत्रणा बंद पडायची. हॉलीच्या ढोलकवाल्याच्या पायाची बोटं थंडीने इतकी बधिरली की त्याला रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. २ फेब्रुवारीचा कार्यक्रम क्लिअर लेक गावच्या सर्फ बॉलरूममध्ये आणि दुसऱ्या दिवशीचा मिनेसोटातल्या मूरहेडला. हॉलीने ठरवलं की रात्रीच विमानाने पुढे जायचं, कपडे धुवायचे, धड झोप घ्यायची. शेजारच्या मेसन सिटी विमानतळावरून मूरहेडजवळच्या फार्गोपर्यंतचं सुमारे ५०० किलोमीटरचं भाडं माणशी ३६ डॉलर ठरलं. विमान चार आसनी बीचक्राफ्ट बोनांझा, १९४७ साली बनलेलं. पूर्ण उघडून जुळवलेलं त्याचं इंजिन त्यानंतर जेमतेम ४० तास चाललं होतं. विमानाला दोष द्यायला जागा नाही. ऑटोपायलट नुकताच बसवला होता, पण तो अजून चालू झालेला नव्हता, एवढंच.

पीटरसनच्या नावावर ७११ तासांचं उड्डाण होतं, त्यातले १२८ बोनांझावरचे. व्यावसायिक परवाना होता, शिकवायचाही परवाना होता. एकविशीच्या मुलाला हे काही कमी नाही. नव्हतं ते इन्स्ट्रुमेंट रेटिंग. बाहेर काहीच दिसत नसताना फक्त उपकरणांकडे बघून विमान चालवायचं असेल तर हे रेटिंग लागतं. त्याने त्यासाठी ५२ तासांचं प्रशिक्षण घेतलं होतं, लेखी परीक्षा पास केली होती, पण मार्च १९५८ मधल्या प्रत्यक्ष उड्डाणाच्या चाचणीत तो नापास झाला. तो ज्या कंपनीत होता त्या ड्वायर फ्लाइंग सर्व्हिसलाही दिवसा आणि रात्री उडायची मुभा होती, ती फक्त ‘व्हीएफआर’ची, म्हणजे डोळ्यांच्या भरवशावर उडण्याची.

हा ‘रात्री, पण डोळ्यांच्या भरवशावर’ प्रकार आपल्याकडच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. भारतात सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंत व्हीएफआर उड्डाणाला एरवी मनाई आहे. एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाने, सूट दिली तर विमानतळाच्या आसपासची उड्डाणं आणि फ्लाइंग क्लबांची प्रशिक्षणाची उड्डाणं होतात, तेवढाच अपवाद. अमेरिकेत तेव्हाही ही मुभा होती, आजही आहे. निरभ्र रात्री, खाली गावांचे दिवे पसरलेले असताना असं उडणं सुखाचं असतं. ती रात्र तशी नव्हती.

टॉवरच्या खोलीत काय सांगितलं गेलं

पीटरसन बेफिकीर नव्हता, हे आधी नोंदवायला हवं. संध्याकाळी साडेपाचला तो विमानतळाच्या हवाई संदेश केंद्रात जाऊन वाटेवरचं हवामान विचारून आला. सगळीकडे ढगांचा तळ ५,००० फूट किंवा वर, दृश्यमानता १० मैल किंवा जास्त. फार्गोला रात्री दोननंतर हलका हिमवर्षाव होऊ शकतो आणि चारच्या सुमारास थंड हवेची आघाडी तिथून सरकेल. उत्तम. रात्री ११ वाजून २० मिनिटांनी पुन्हा विचारणा झाली. आता ढग ४,२०० फुटांवर, दृश्यमानता तशीच, पण चारला येणारी आघाडी दोनला येणार होती. मिनीआपोलिसला बर्फ सुरू झाला होता. ११ वाजून ५५ मिनिटांनी तो मालक ह्युबर्ट ड्वायर यांच्यासोबत पुन्हा तिथे गेला. एव्हाना मेसन सिटीतच हलका बर्फ पडत होता आणि हवेचा दाब उतरत होता.

पुन्हा पुन्हा विचारलं आणि प्रत्येक वेळी आकडे मिळाले. ते आकडे खोटेही नव्हते. पण याच केंद्रावर त्या रात्री दोन इशारे येऊन पडले होते. पहिला मिनीआपोलिसच्या हवामान कार्यालयाने रात्री ११.३५ ला काढलेला: सुमारे १०० मैल रुंदीचा बर्फाचा पट्टा आग्नेयेकडे सरकतोय, त्यात दृश्यमानता बहुतेक ठिकाणी २ मैलांहून कमी, मागून ४५ नॉटपर्यंतचे, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटरचे, वाऱ्याचे झोत. म्हणजे पट्टा थेट विमानाच्या वाटेवर येत होता. दुसरा कॅन्सस सिटीहून १२.१५ ला निघालेला, आयोवाच्या बहुतेक भागात ढगांमध्ये विमानावर बर्फ धरण्याचा धोका सांगणारा. हे दोन्ही इशारे पीटरसनपर्यंत पोचले नाहीत. दुसरा तर तो ड्वायर यांच्यासोबत विचारून गेल्यावर वीस मिनिटांनी निघाला; पण उड्डाणाला तेव्हाही चाळीस मिनिटं बाकी होती, आणि रेडिओ होताच.

खेड्यापाड्यातल्या सरकारी कचेरीत गेलेल्या कुणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. तुम्ही जे विचारलं त्याचं बिनचूक उत्तर मिळतं. जे विचारायला हवं होतं आणि तुम्हाला माहीत नव्हतं, ते शेजारच्या टेबलावर पडून राहतं. चौकशी मंडळाने पुढे या केंद्राला चांगलंच खडसावलं. ज्या प्रतिकूल परिस्थितीवर बोट ठेवून सांगायला हवं होतं, तिचा साधा उल्लेखही झाला नाही, असा त्याचा ठपका होता.

मला मात्र इथे आणखी एक गोष्ट दिसते. इशारे बाजूला ठेवले तरी त्या संध्याकाळचे तीन आकडे एका रांगेत मांडले की ते एकाच दिशेला सरकताहेत हे कळतं. ढग खाली, दाब खाली, आघाडी दोन तास अलीकडे. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर ‘चालेल’ असाच वाटतो.

सहा मैल म्हणजे काय?

रात्री साधारण १२ वाजून ५५ मिनिटांनी विमान दक्षिणेकडच्या धावपट्टीवरून उडालं. त्या वेळची मेसन सिटीची नोंद अशी: ढगांचा तळ ३,००० फूट, आकाश झाकलेलं, हलका बर्फ, दक्षिणेचा २० नॉटचा वारा, झोत ३० नॉटपर्यंत, दृश्यमानता ६ मैल.

सहा मैल म्हणजे जवळपास दहा किलोमीटर. मग यात ‘कमी दृश्यमानता’ कुठे आली? कागदावर हे उड्डाण नियमात बसत होतं. माझ्या मते या प्रकरणाची गाठ इथे आहे, आणि अपघाताबद्दल लिहिणारे ती सोडवायला फारसे थांबत नाहीत.

दृश्यमानता जमिनीवरून मोजतात. दिवसा ठरावीक अंतरावरच्या खुणा दिसतात का ते बघायचं, रात्री ठरावीक अंतरावरचे दिवे दिसतात का ते. तेव्हा ‘सहा मैल’ याचा अर्थ इतकाच, की सहा मैलांवर दिवा असेल तर तो दिसेल. दिवाच नसेल तर? विमानाने उडाल्यावर डावीकडे अर्धं वळण घेतलं, धावपट्टीच्या पूर्वेकडून उत्तरेला आलं आणि वायव्येकडे तोंड केलं. गावाचे दिवे पाठीमागे गेले. पुढे शेतं, त्यांवर पांढरा बर्फ, वर राखाडी ढग, मध्ये पडणारा बर्फ, चंद्र-चांदणी काही नाही. जमीन आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसली गेलेली. नियमाप्रमाणे वैमानिक डोळ्यांच्या भरवशावर उडत होता, आणि डोळ्यांना टेकायला काहीच नव्हतं.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे: चकवा. रात्री माळावरून निघालेला माणूस सरळ चालतोय असं समजून गोल गोल फिरत राहतो आणि पहाटे पुन्हा त्याच बांधावर येतो. लोक भुताखेताला दोष देतात. विमानातला चकवा कानात असतो. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव डोकं वळलं की हलतो आणि मेंदूला ‘वळतोय’ असं कळवतो. पण वळण सुरूच राहिलं तर काही सेकंदांत तो द्रवही नळीच्या वेगाने फिरू लागतो आणि निरोप थांबतो. फुगडी थांबवल्यावर जग उलट्या दिशेने फिरतं ते यामुळेच. विमान फार सावकाश एका बाजूला कललं तर हा निरोप निघतच नाही. शिवाय वळणात माणूस खुर्चीत खाली दाबला जातो, बाजूला फेकला जात नाही, त्यामुळे तिरप्या विमानातही सरळ बसल्यासारखंच वाटतं. विमान कलतं, नाक खाली झुकतं, वेग वाढतो. वैमानिकाला वेग जाणवतो, तो नाक वर घ्यायला सुकाणू ओढतो. विमान तिरपं असल्यामुळे वर येण्याऐवजी वळण आणखी आवळलं जातं. इंग्रजीत या घिरटीला स्मशानाचं नाव आहे.

ड्वायर टॉवरबाहेरच्या गच्चीवरून बघत होते. त्यांनी विमान सुमारे ८०० फूट चढलेलं पाहिलं, शेपटीचा पांढरा दिवा पाच-एक मैल जाताना पाहिला. मग तो दिवा हळूहळू खाली येत दिसेनासा झाला. झपकन पडला नाही, हळूहळू उतरला. पीटरसनने फ्लाइट प्लॅन हवेत गेल्यावर रेडिओवरून कळवतो असं सांगितलं होतं. तो निरोप आला नाही. ड्वायर यांच्या सांगण्यावरून केंद्राने पुन्हा पुन्हा हाक मारली. उत्तर नाही.

उलटा गोळा

चकवा लागला तरी उपाय होता: कानाचं ऐकायचं नाही, उपकरणाचं ऐकायचं. ५२ तास त्याने हेच गिरवलं होतं. इथे ही कथा वाईट वळण घेते.

विमान वर निघालंय की खाली, डावीकडे कललंय की उजवीकडे, हे दाखवणारं मुख्य उपकरण म्हणजे कृत्रिम क्षितिज. पीटरसन ज्या विमानांवर शिकला त्यांत नेहमीच्या धाटणीचं क्षितिज होतं: मध्ये छोटं विमान, मागे क्षितिजाची आडवी पट्टी. नाक वर गेलं की पट्टी छोट्या विमानाच्या खाली जाते. खिडकीतून दिसावं तसंच. या बोनांझात मात्र स्पेरी कंपनीचा एफ-३ जायरो होता. त्यात पट्टीऐवजी छोट्या विमानामागे एक गोळा फिरायचा, आणि नाक वर-खाली झाल्याची खूण तो नेमकी उलटी दाखवायचा. एकावर जे चढणं, ते दुसऱ्यावर उतरणं.

दिवसा, क्षितिज दिसत असताना याने काही बिघडत नाही. नजर बाहेरच असते आणि उपकरण फक्त जोडीला. पीटरसनने या विमानावर शंभरहून अधिक तास काढले होते ते अशाच नजरेच्या भरवशावर. उपकरणावर पूर्ण विसंबायची वेळ आली ती बहुधा त्या रात्री, उडाल्यावर तीन-चार मिनिटांत. झोतांच्या वाऱ्यात चढ-उताराचा आणि वळणाचा काटा थरथरत असणार, त्यांवरून निष्कर्ष काढणं नवख्याला अवघड. राहिला जायरो. चौकशी मंडळाने मांडलेली शक्यता अशी, की विमान वळत खाली येत असताना त्याला आपण वळत वर चढतोय असं वाटलं असावं. तसं असेल तर त्याने केलेली दुरुस्ती त्याच्या शिक्षणाप्रमाणे बरोबर होती आणि प्रत्येक दुरुस्तीने जमीन जवळ येत होती.

स्कूटरचा ब्रेक उजव्या पायाऐवजी डाव्या पायाला देऊन पाहा. मोकळ्या रस्त्यावर तासाभरात सवय होते. समोर अचानक पोर आलं की पाय जुन्याच जागी जातो.

उजवा पंख आधी टेकला. विमान चुरगाळलेल्या गोळ्यासारखं बर्फावरून सुमारे ५४० फूट घरंगळत तारेच्या कुंपणाला अडकलं. सकाळी ड्वायर स्वतः दुसरं विमान घेऊन त्याच वाटेने निघाले आणि ९ वाजून ३५ मिनिटांनी त्यांना ते दिसलं. विमानतळापासून अवघ्या पाच मैलांवर.

निवाडा

त्या काळी अमेरिकेत अपघातांची चौकशी सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड करायचं. सप्टेंबर १९५९ मध्ये त्याचा अहवाल आला. संभाव्य कारण: ज्या उड्डाणात फक्त उपकरणांवर विसंबावं लागणार होतं ते, पात्रता आणि परवाना नसताना, हाती घेण्याचा वैमानिकाचा अविचारी निर्णय. त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टी दोन: हवामानाच्या माहितीतल्या गंभीर उणिवा, आणि कल दाखवणाऱ्या उपकरणाची वैमानिकाला नसलेली सवय.

शब्द काळजीपूर्वक निवडलेले आहेत आणि क्रम चुकीचा आहे असंही म्हणता येत नाही. कायद्याने विमान उडवायचं की नाही याचा अखेरचा शब्द वैमानिकाचाच. तरी ‘अविचारी निर्णय’ वाचताना माझी जीभ अडखळते. पुन्हा पुन्हा हवामान विचारणारा, मालकाच्या शेजारी उभा राहून मध्यरात्रीही विचारणारा एकवीस वर्षांचा नोकर. समोर भाडं ठरवून आलेले, देशभर गाजणारे तीन गायक. आणि हातातल्या कागदावर ‘सहा मैल’. नाही म्हणायला त्याच्याकडे काय होतं? पोटातली शंका. तिच्या बाजूने बोलू शकले असते असे दोन कागद दुसऱ्या कुणाच्या टेबलावर होते. मंडळाने हे सगळं लिहिलं आहे, फक्त हातभार लावणाऱ्यांच्या यादीत.

अफवा यायच्या तशा आल्याच. शेतात बर्फ वितळल्यावर हॉलीचं पिस्तूल सापडलं आणि विमानात गोळी चालली असणार अशी कुजबुज सुरू झाली. २००७ साली रिचर्डसनच्या मुलाच्या इच्छेवरून टेक्सासमधल्या ब्यूमाँटला त्याची शवपेटी उघडून न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ बिल बास यांनी सांगाडा तपासला. गोळीची खूण नव्हती. मरण आदळताक्षणी आलेलं. २०१५ मध्ये चौकशी पुन्हा उघडावी असा अर्ज आजच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाकडे आला, तोही मंडळाने नाकारला. पिस्तुलाची गोष्ट टिकते याचं मला नवल नाही. दिसणारं शस्त्र समजायला सोपं. कानातल्या द्रवाने चार माणसं मारली हे पटायला जड.

असंच दुसरं उदाहरण १६ जुलै १९९९ चं, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन केनेडी धाकटे यांच्या विमानाचं. ते उड्डाणाच्या वेळी नव्हे, उतरताना गेलं, आणि बर्फाऐवजी धुरकट हवा व काळा समुद्र होता. इन्स्ट्रुमेंट रेटिंग त्यांच्याकडेही नव्हतं. शेवटची घिरटी मात्र ओळखीची: उजवीकडे, खाली, आवळत जाणारी.

आता एक नोंद, जी मेसन सिटीच्या अपघाताआधीची आहे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडायचं काहीच शिक्षण नसलेले २० वैमानिक घेतले, त्यांना बाहेरचं दिसू नये अशी व्यवस्था केली आणि विमान त्यांच्या हाती दिलं. विसापैकी एकालाही ते सांभाळता आलं नाही. १९ जण तशाच घिरटीत गेले. ताबा सुटायला लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद, कुणाला २० सेकंद, कुणाला ४८०. विमान मुद्दाम त्यांना अवघड जाईल असं निवडलं होतं: झुकलं की झटकन वेग घेणारं बीचक्राफ्ट बोनांझा.

मग त्याच वीस जणांना एक साधी युक्ती शिकवली. ढगात शिरलोय असं कळताच चाकं खाली सोडायची, म्हणजे हवेचा अडथळा वाढतो आणि विमान वेग धरत नाही. वेग ताशी ९५ मैलांवर आणायचा. सुकाणूवरचा हात काढायचा. आणि फक्त पायाने, सावकाश, उलटं वळून आलो तिकडे परतायचं. थोड्याच सरावानंतर ६० पैकी ५९ प्रयत्नांत विमान सुखरूप वळून आलं.

आयोवाच्या शेतात सापडलेल्या बोनांझाची चाकं आत ओढलेली होती.